मोडीत काढलेली विमाने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 मी वैमानिक नव्हे, अभियंताही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि कागदांच्या सहवासात आयुष्य काढलेला एक अधिकारी आहे. मग बाँबफेकी विमानांचा विषय मी का निवडला? उत्तराआधी एक कबुली दिली पाहिजे.

सेवेच्या आरंभी एका कार्यालयात निरुपयोगी वस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे यांच्यासोबत एक जुने पितळी मोजणीयंत्र होते. त्याच्यापुढे मी ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा मारला आणि ते वजनावर विकले गेले. पुढे वर्षभराने एक सेवानिवृत्त मोजणीदार भेटीस आले. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाले, “साहेब, ते यंत्र दुरुस्त होण्यासारखे होते. मला विचारले असते, तर मी आलो असतो.” मी निरुत्तर झालो. तो शेरा लिहिताना मी यंत्र उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.

म्हणूनच लिबरेटर विमानांची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

लिबरेटर म्हणजे मुक्तिदाता. दुसऱ्या महायुद्धातील हे अमेरिकन बनावटीचे, चार इंजिनांचे अवजड विमान. पंखांचा विस्तार ११० फूट. अशी १८ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. आपल्या या शहराशीही त्यांचा संबंध आहे. १९४४ साली ब्रिटिश हवाई दलाची २०० क्रमांकाची स्क्वाड्रन सेंट थॉमस माउंट येथे, म्हणजे आपल्या परंगिमलैच्या पायथ्याशी, येऊन राहिली. तिची लिबरेटर विमाने येथून उडून बंगालच्या उपसागरावर पाणबुड्यांचा शोध घेत असत. मीनंबाक्कमला सोडावयास किंवा आणावयास जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना याची आठवण होत असेल?

युद्ध संपले आणि या विमानांचे करावयाचे काय, असा प्रश्न उभा राहिला. उसनवारीच्या कराराने अमेरिकेकडून आलेली विमाने एक तर परत करावयाची, नाही तर नष्ट करावयाची, अशी अट होती. भारतातील अनेक विमाने कानपूरला गोळा करण्यात आली आणि पुन्हा कुणाला उडविता येऊ नयेत अशा बेताने त्यांची मोडतोड करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली गेली, यंत्रे फोडली गेली. अशा स्थितीत ती उन्हापावसात सोडून ब्रिटिश हवाई दल मायदेशी परतले. कुणी तरी कुठे तरी ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असाच शेरा मारला असणार.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला बाँबफेकी विमानांची निकड होती. ते काम हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या कारखान्याने अंगावर घेतले. हा कारखाना १९४० साली उभारला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, हे मराठी मंडळात मुद्दाम सांगितले पाहिजे. युद्धकाळात अमेरिकन हवाई दलाची विमाने तेथे दुरुस्तीला येत असत. त्यामुळे तेथील कामगारांना असल्या विमानांची नाडी ठाऊक होती. एका विमानाचा भाग दुसऱ्याला जोडीत त्यांनी ती कानपूरहून उडण्याजोगी केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी ती एकामागून एक बंगळूरला घेऊन आले. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. हेच मुन्शी पुढे ५ ऑगस्ट १९५१ रोजी डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या एच.टी.-२ या विमानाचे पहिले उड्डाण करणार होते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली. पुढे सहा क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात याच विमानांवर पुन्हा उभी राहिली. बाँबफेकीचे काम नव्या विमानांकडे गेल्यावर लिबरेटरकडे समुद्रावरील टेहळणी आली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. भंगार म्हणून टाकलेल्या वस्तूने वीस वर्षे देशाची सेवा केली!

कथेचा उत्तरार्ध मात्र मला अस्वस्थ करतो. १८ हजारांतून आज जगात सुमारे डझनभर लिबरेटर उरली आहेत. त्यांपैकी सहा भारतीय हवाई दलाच्या सेवेतून आलेली आहेत. एक १९६८ साली लायसँडर विमानाच्या बदल्यात कॅनडाला गेले. एक १९६९ साली अमेरिकेत ॲरिझोनाला, एक १९७४ साली इंग्लंडला गेले. आणखी एक तेरा वर्षे भारतात बेवारशी पडून राहिले. १९८१ साली एका ब्रिटिश संग्राहकाने ते नेले, पुढे ते अमेरिकेत पोहोचले आणि हजारो तासांच्या श्रमांनंतर १९८९ साली पुन्हा आकाशात झेपावले. दुसरेही एक फ्लोरिडातील संग्राहकाकडे गेले. आपल्याजवळ एक राहिले, ते पालमच्या हवाई दल संग्रहालयात.

विमाने परदेशी गेली याचे मला दुःख नाही. तेथे ती जिवापाड जपली गेली. दुःख निराळे आहे. १९८९ साली उडालेल्या त्या विमानावर ‘ऑल अमेरिकन’ असे नाव रंगविले गेले. पाहणाऱ्याला त्यात अमेरिकन वैमानिकांचे शौर्य दिसते आणि ते दिसावेच. परंतु त्या रंगाखाली कानपूरची धूळ, बंगळूरच्या कामगारांचे हात आणि भारतीय वैमानिकांची वीस वर्षे झाकली गेली. विमान उरले, पण ते ज्यांच्यामुळे उरले त्यांची स्मृती पुसट झाली. हा दोष रंगविणाऱ्यांचा किती आणि न लिहिणाऱ्या आपला किती?

आता आपण शिकत आहो, असे म्हणावयास जागा आहे. येथून जवळच अरक्कोणम येथे नौदलाची तुपोलेव्ह-१४२ ही टेहळणी विमाने होती. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी त्यांतील एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनारी संग्रहालय म्हणून उभे राहिले. त्याच्या पोटात शिरून मुले प्रश्न विचारतात, ही गोष्ट लहान नव्हे.

सभेत पुण्याहून आणि बंगळूरहून आलेली कुटुंबे आहेत. आपल्या घरी कुणा आजोबांनी त्या कारखान्यात किंवा लोहगावच्या तळावर काम केले असेल, तर त्यांची वही, ओळखपत्र, छायाचित्र रद्दीत टाकू नका. हयात असतील, तर त्यांना विचारा आणि लिहून घ्या. लोखंड जपण्यास मोठी संग्रहालये लागतात. हातांची आठवण जपण्यास एक वही पुरते. आणि अधिकारी असाल, तर शेरा मारण्यापूर्वी यंत्र एकदा उघडून पाहा. मी पाहिले नाही, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.