मालीश आणि आपले घर
(मंडळाच्या आरोग्य शिबिरात देगलूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'नियमित मालीशचे फायदे' हा विषय मंडळाने आम्हाला दिला तेव्हा एका मित्राने विचारलेच, "बँकेतल्या कारकुनाचा ह्या विषयाशी काय संबंध?" संबंध आहे. दिवसभर मान वाकवून संगणकाकडे पाहणाऱ्याचे खांदे संध्याकाळपर्यंत लाकडासारखे होतात. अर्थात सोयाबीन कापणाऱ्या बाईच्या कमरेपुढे आमचे दुखणे काहीच नव्हे, हेही आम्ही जाणतो. आम्ही डॉक्टर नाही. वाचलेले आणि घरोघरी पाहिलेले तेवढेच सांगणार आहोत.

मालीश ही काही शहरातून आलेली चैन नाही. इंग्रजांचा 'शांपू' हा शब्दसुद्धा आपल्याकडच्या चंपीवरून गेला. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला तेल लावून शेकण्याची रीत फार जुनी आहे. पण इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुष्कळ गावांत बाळंतपण करणारी, नाळ कापणारी, बाळाला चोळून न्हाऊ घालणारी सुईण मांग समाजाची असे. ते चार दिवस तिचा हात चाले. पुढे त्याच घरात तिच्या हातचे पाणी चालत नसे. स्पर्शाने बरे वाटते हे सगळ्यांना ठाऊक होते, स्पर्श करणाऱ्याला मात्र बाहेर उभे केले जाई.

आता दुखणे कमी कसे होते ते पाहू. ठेच लागली की आपण न सांगता तिथे हात चोळतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, चोळण्या-दाबण्याची संवेदना मज्जारज्जूत पोचली की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाण्याची वाट काही अंशी अडते. पुढे ह्या विचारात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. शिवाय आखडलेला स्नायू सैल होतो, श्वास संथ चालतो, झोप लागते. मनाचा ताण म्हणतात तो अर्धा मानेत आणि जबड्यात बसलेला असतो. मालीशने अंगातले विष निघून जाते असे काही लोक सांगतात, त्याला आधार नाही. ते सोडून द्यावे.

अमेरिकेत २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेली ४०१ माणसे तीन गटांत वाटली. एका गटाला नेमके स्नायू-सांधे हेरून केलेली मालीश, दुसऱ्याला नुसती अंग सैल करणारी साधी मालीश, आठवड्यातून एकदा अशी दहा आठवडे दिली. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दहा आठवड्यांनंतर मालीशचे दोन्ही गट तिसऱ्याच्या पुढे होते, आणि त्या दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. हात दोन्हीकडे शिकलेल्यांचेच होते, हे खरे. तरीपण फार मोठी विद्या लागते असे नाही, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. आणखी एक : कामधाम करण्यातला फायदा सहा महिने दिसला, वर्ष होईतो बराचसा ओसरला. म्हणून 'नियमित' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा दिवाळीच्या पहाटे तेल लावून कंबर बरी होत नाही.

पण बंधूंनो, आमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. घरात अंग कोण कोणाचे दाबते? सून सासूचे पाय दाबते, बायको नवऱ्याची पाठ चोळते, नात आजोबांच्या डोक्याला तेल घालते. जी दिवसभर वाकून खुरपते, घरी येऊन पुन्हा चुलीपुढे वाकते, तिच्या कमरेला हात लावणारा कोणी नसतो. तिच्यासाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी येते. त्या गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला धोका असतो, हे इथे बसलेल्या डॉक्टरसाहेबांना विचारावे.

बाबासाहेबांना पायाच्या दुखण्याने किती छळले हे आपण जाणतो. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवर नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय दाबले, डोक्याला तेल लावले, हा प्रसंग दर वर्षी भाषणांतून ऐकतो आणि आपले डोळे भरून येतात. रत्तू पुरुष होते, सरकारी नोकरीत होते. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्यालाच घरात का वाटावा? तालमीत पहा. माळेगावच्या यात्रेत कुस्ती मारणारा मल्ल आपल्या जोडीदाराचे अंग रगडतो आणि मग जोडीदार त्याचे. पाळी ठरलेली, मालक-नोकर कोणी नाही. घरातही अशी पाळी लावता येते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटे, टी.व्ही. चालू असला तरी हरकत नाही.

तेल महागाचे नको. आपल्याकडची करडई, तीळ, जे घरात असेल ते कोमट करून घ्यावे. तळहाताने हळू सुरुवात करावी, मग अंगठ्याने. मणक्याच्या हाडावर नव्हे, दोन्ही बाजूंच्या मांसावर. दुखते ते 'गोड' दुखावे. श्वास रोखावा लागला तर जोर जास्त झाला. बाळाच्या नाका-कानांत तेल घालू नये.

आणि कुठे हात लावू नये तेही ऐका. ताप असताना, जखमेवर, हाड मोडल्याची शंका असताना मालीश नको. एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली, दुखू लागली तर ती मुळीच चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना गाठावा. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर गरम तेलाने भाजलेले कळत नाही. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी थांबू नये.

मागे मांडलेल्या दोन खाटांवर आता प्रात्यक्षिक होईल. पहिल्या खाटेवर भगिनींनी बसावे, पुरुषांनी तेलाची वाटी घेऊन उभे राहावे, अशी अध्यक्षांची परवानगी आम्ही आधीच घेतली आहे. जयभीम, नमो बुद्धाय.