जुनी मापे मोडीत घालू नयेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला "जुन्या वस्तूंचा छंद" या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय ऐसपैस आहे. नाणी, अडकित्ते, समया, पानदाने यांवर माझ्याहून जाणती माणसे बोलू शकतील. मी फक्त मोजण्याच्या आणि आखण्याच्या जुन्या साधनांपुरतेच बोलणार आहे, आणि त्याला कारण घरचेच आहे. सभागृहातील पंख्यांच्या निधीसाठी आपण घरोघरची जुनी तांब्या-पितळेची भांडी मागून आणली. ती दोन पोती भरून मागच्या खोलीत पडली आहेत आणि पुढच्या आठवड्यात मोडीच्या भावाने जाणार आहेत. मी त्या पोत्यांत हात घातला तेव्हा तीन पायल्या, एक अधोली, चिपटी-मापटी, सोनाराच्या काट्याची दोन पारडी आणि बुडाला बारीक भोक असलेली एक तांब्याची वाटी निघाली. ही विकू नयेत, असे माझे म्हणणे आहे, आणि ते आपणांस पटवावे म्हणून मी उभी आहे.

ती वाटी कोणी तरी "फुटकी" म्हणून दिली असावी. ती फुटकी नाही, ते घटिपात्र आहे. घंगाळात पाणी भरून त्यावर ही वाटी सोडायची. भोकातून पाणी आत चढते आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे 24 मिनिटे, आणि दिवसरात्रीच्या घटका 60. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी भटजी घटिका बसवीत, ती हीच. ते भोक अंदाजाने पाडलेले नसते. जराही मोठे झाले तर घटका लवकर भरते, म्हणून घासून पुसून चालत नाही आणि सुई घालून साफ करून तर मुळीच चालत नाही. आता ही वाटी किलोच्या भावाने गेली, तर पंख्याच्या एका पात्याचेही पैसे यायचे नाहीत!

पायलीचे कोष्टक आपल्यातील वडीलधाऱ्या बायांना अजून तोंडपाठ असेल. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सारे दुपटीचे. निरक्षर बाईलाही अर्ध्याचे अर्धे कळते, म्हणून ही मापे घराघरांत चालली. वजनाचा हिशेब निराळा होता: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, 80 तोळ्यांचा शेर, 40 शेरांचा मण. आजच्या भाषेत तो शेर म्हणजे 933 ग्रॅम आणि तोळा 11.66 ग्रॅम. आता आपण सराफाकडे तोळा म्हणतो तो 10 ग्रॅमचा. आजीचा पाच तोळ्यांचा गोफ आणि नातीचा पाच तोळ्यांचा गोफ यांत त्यामुळे आठ ग्रॅमांहून अधिक फरक पडतो. हे जावाजावांत वाटणी होण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

दशमान नाणी 1957 च्या एप्रिलात आली. मापांचा कायदा 1956 चा, आणि किलोची वजने 1 ऑक्टोबर 1958 पासून लागू होऊ लागली. हे फार चांगले झाले, यात मला शंका नाही. जुन्या मापांचे गुणगान करणारी मी नाही. पायली गावोगाव वेगळी, आणि एकाच गावात घेण्याची एक व देण्याची एक, असेही चाले. शीग लावून मोजायचे की वरून दांडी फिरवून सपाट, यावर ज्याच्या हाती माप त्याचा निकाल. "मापात पाप" हा शब्द लोकांनी उगीच नाही काढला. पण म्हणूनच ती मापे राहिली पाहिजेत. दोन गावच्या दोन पायल्या शेजारी ठेवून त्यांत ज्वारी ओतून दाखवली, की नातवंडांना एका देशात एक माप असण्याचा अर्थ पुस्तकाशिवाय समजेल.

आपल्या जिल्ह्याला तर याचा खास अभिमान वाटावा. कारंजा लाड येथे 1886 साली कापसाचा जो बाजार नियमांखाली आणला गेला, तो हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला समजतात. वऱ्हाड त्या वेळी इंग्रज रेसिडेंटाच्या कारभारात होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला, भेसळ नसलेला कापूस हवा, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याच्या कल्याणाचा विचार त्यात किती होता ते आपण समजून घ्यावे. तरीही 1897 च्या वऱ्हाडच्या कायद्याने बाजाराला समिती मिळाली, आणि अडत्या व मापारी यांनी कसे वागावे याला नियम आले. पुढे देशभर ज्या बाजार समित्या झाल्या त्यांचा आरंभ आपल्या या कारंज्यात आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना कारंज्याची मंदिरे दाखवतो, ते योग्यच आहे. पण त्या बाजारातला एखादा जुना लाकडी दांडीचा काटा, त्याची साखळी, त्याची पारडी, एवढे तरी आपण कोठे जपून ठेवले आहे काय?

काट्यावरून एक शब्द आठवला. दोन पारडी रिकामी असताना सारखी न राहिली, तर हलक्या पारड्यात खडा टाकून ती सारखी करतात. त्याला धडा करणे म्हणतात, आणि त्या खड्याला पासंग. "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" असे आपण सहज म्हणून जातो. पासंग पाहिलेली मुलगी मात्र आज शंभरात एखादी निघेल.

आता घरातून शेतावर जाऊ. वऱ्हाडची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली, म्हणून आपल्याकडे एकर आणि गुंठे चालतात. तिचे साधन म्हणजे शंकू-साखळी. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे 1089 चौरस फूट, तोच गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. केवढी सोय पाहा! लांबी-रुंदी साखळीत मोजली की गुणाकार थेट गुंठ्यांत येतो. काटकोन धरण्यासाठी शंकू, म्हणजे उभ्या काठीवर बसवलेली, आडव्या-उभ्या चिरांतून पाहण्याची साधी युक्ती. पण लोखंडी साखळीत एक खोड असते. ओढून ओढून तिच्या कड्या झिजतात आणि साखळी लांबते. साखळी लांबली की शेतात ती कमी वेळा बसते, म्हणजे जमीन कागदावर कमी भरते. म्हणून ती ठरावीक खुणांशी वरचेवर ताडून पाहावी लागे. बांधाच्या भांडणात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांना ही कड्यांची झीज काय असते ते सांगायला नको. आज यंत्राने मोजणी होते, आणि 2020 पासून गावठाणांची मोजणी ड्रोन उडवून करण्याची योजना चालू आहे. साखळ्या भंगारात जात आहेत. एक तरी आपल्याकडे असावी.

मोजून आल्यावर नकाशा काढायचा. माझे सासरे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची आखणीची पेटी माझ्याकडे आहे. आत निळी मखमल, आणि प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराची खाच: लहान-मोठे कंपास, अंतर उचलून घेण्याचे कर्कटक, पितळी कोनमापक, आणि एक लेखणी. या लेखणीला निब नाही. दोन पोलादी पाती समोरासमोर, मध्ये बारीक स्क्रू. पात्यांच्या फटीत काळी शाई थेंबाने भरायची आणि स्क्रू पिळून रेघेची जाडी ठरवायची. शाई जास्त झाली तर डाग, कमी झाली तर रेघ मध्येच तुटते. अर्धा दिवस खपून काढलेल्या नकाशावर शेवटच्या रेघेला डाग पडला, की सासरे त्या दिवशी जेवताना बोलत नसत, असे सासूबाई सांगत. पुढे शाईच्या नळीची पेने आली आणि त्यानंतर संगणक आला. अशा पेट्या त्या काळी बहुधा विलायतेहून येत. शाळेतल्या पोरांच्या हाती कंपासपेटी आली ती आपल्याच माणसांच्या उद्योगामुळे. दांडेकर बंधूंनी मुंबईत 1931 साली शाईपासून सुरू केलेला कारखाना पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोचला. आपल्या मुलांच्या पत्र्याच्या कंपासपेट्याही काही वर्षांनी जुन्याच होणार आहेत. एक दोन आताच बाजूला काढून ठेवाव्या.

या मोजणीच्या विद्येशी आपल्या वाशीमचे नाते जुने आहे. वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. पहिल्या भास्कराने सातव्या शतकात आपल्या ज्योतिषग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची जी ठिकाणे सांगितली, त्यांत अवंतीबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. गावातील मध्यमेश्वराचे देऊळ त्याच रेषेवर आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या नकाशावर पाहिले तर उज्जैन आपल्या पश्चिमेस सव्वा अंशाहून अधिक, म्हणजे सुमारे 140 किलोमीटर दूर पडते. म्हणजे रेषा काही सरळ नव्हती. मला यात कमीपणा वाटत नाही. उत्तर-दक्षिण मोजणे सावलीवरून साधते, पण पूर्व-पश्चिम अंतर मोजायला दोन गावी एकाच क्षणी वेळ कळावी लागते, आणि हाती होते काय, तर वर सांगितलेल्या वाटीसारखी वाटी!

पुढे इंग्रजांनी 1802 साली मद्रासहून देशाची मोठी मोजणी सुरू केली. तिचा प्रमुख लॅम्ब्टन. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना 1808 साली आपटले, तेव्हा त्याने ते स्वतः खपून दुरुस्त केले. तो माणूस 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, तंबूत वारला. त्याची कबर तेथे आहे. मोठी यंत्रे सरकारने सांभाळली. मापटी आणि चिपटी सांभाळण्याचे काम कोणाच्याच अंगावर नाही, ते घरच्या बायांवर येते.

हे काम एका घराने किती होते, याचे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर केळकर, कवितेतले 'अज्ञातवासी', यांनी 1920 च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. राजे-रजवाड्यांच्या तलवारींपुरते ते थांबले नाहीत. दिवे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, अशी रोजच्या वापरातली कलाकुसर त्यांनी गावोगाव हिंडून मिळवली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. सातव्या वर्षी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी ते संग्रहालय केले आणि 1975 साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू होत्या. आपल्याला एक काचेचे कपाट पुरे.

मात्र कपाटात वस्तू नुसती ठेवून उपयोग नाही. पायली आली की तिच्याबरोबर चिठ्ठी आली पाहिजे: कोणत्या गावची, कोणाच्या घरची, तिने काय मोजत, ज्वारी किती मावते. हे सांगणाऱ्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून वस्तूंच्या आधी त्यांच्याकडे जावे. विकत घेण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. विशेषतः हस्तिदंती पट्टी कोणी दाखवली तर तिचा व्यवहार कायद्याने बंद आहे, हे ध्यानात असावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तूंचा कायदा लागतो, त्या परदेशी भाचीला भेट म्हणून परवान्याशिवाय पाठवता येत नाहीत. आणि जुन्या मापाने दुकानात धान्य विकणे बंद आहे, कपाटात ठेवण्याला कोणाची हरकत नाही.

आणखी एक वस्तू त्या कपाटात हवी, ती जुनी नाही. ताणकाटा. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की आपल्या भागातल्या किती बाया वेचणीला जातात! मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावरच्या झाडाला ताणकाटा टांगून गाठोडे अडकवतात आणि आकडा वाचणारा दुसराच असतो. काटा रिकामा असताना सुई शून्यावर होती काय, गाठोड्याच्या फडक्याचे किती वजा धरले, हे विचारायला तो वाचता यावा लागतो. सगळेच मालक काटा मारतात असे मी म्हणत नाही. बरेच जण सरळ आहेत. पण दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाचा आकडा ज्या बाईने वेचला तिला स्वतः वाचता यावा, एवढे तरी मंडळाने करावे. त्या कपाटासमोर शनिवारी दोन तास बसून आपण वेचणाऱ्या बायांना आणि शाळेतल्या मुलींना धडा करणे, काटा वाचणे आणि गुंठे काढणे शिकवू शकतो. मी स्वतः बसायला तयार आहे.

पंख्यांच्या पैशांचे काय, असे कोषाध्यक्षबाई विचारतील. त्यांचे बरोबर आहे. दोन पोत्यांतल्या मापांचे वजन मी काल केले. सारी मिळून साडेअकरा किलो भरली. तेवढ्या पितळेची मोडीची किंमत मी स्वतः निधीत भरते. बाकीची चेपलेली भांडी खुशाल विकावी.

गुरुवारी दुपारी चार वाजता मागच्या खोलीत यादी करायला बसू. ज्यांच्या घरी माप, काटा, गज, साखळी, कंपास असे काही असेल त्यांनी घेऊन यावे. एवढीच विनंती की येण्यापूर्वी ते चिंच लावून घासू नये. तपासनिसाचे ठसे आणि साल मापाच्या काठावर असतात, आणि आपल्या हाताने ते आधीच पुष्कळ गेले आहेत.