हातातले यंत्र, गाडीतले यंत्र आणि आपली जमीन

(हरसूल येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत एका पाड्यावरच्या तरुणाने मला विचारले, "साहेब, माझ्या मामाने गाडीचे जीपीएस आणलेय. त्याच्यावर प्लॉट मोजला तर चालेल का?" मी तेव्हा घाईत होतो, "नाही चालणार" एवढेच म्हणून सुटलो. नंतर मनाला लागून राहिले. का नाही चालणार, हे सांगायला नको का? नुसते नाही म्हणायला सरकारी कार्यालये पुष्कळ आहेत, त्यासाठी आपली चळवळ कशाला हवी?

म्हणून आज हा विषय घेतला. मी शिकलो शेती. मातीचा नमुना कसा घ्यायचा, नागलीला खत किती घालायचे, हे शिकलो. उपग्रह माझा विषय नाही. पण वन हक्काचे दावे लिहिता लिहिता ही यंत्रे हातात आली आणि त्यांनी केलेले घोळही निस्तरावे लागले. ते घोळच आज सांगणार आहे.

आधी यंत्र काय करते ते पाहू. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत वेळ सांगत असतो. आपल्या हातातले यंत्र ती वेळ ऐकते, संदेश यायला किती उशीर लागला ते बघते आणि त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढते. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे उभे आहोत ते यंत्राला कळते. यंत्र आकाशात काही पाठवत नाही, नुसते ऐकते. त्यामुळे मोबाइलला रेंज नसली तरी ते चालते. आपल्याकडच्या दऱ्याखोऱ्यांत हीच मोठी सोय आहे. 2 मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. त्या दिवसापासून ती मुद्दाम घातलेली चूक बंद झाली. आज उघड्या माळावर साध्या यंत्राची चूक तीन ते पाच मीटर धरावी. झाडाखाली, कड्याच्या पोटाशी ती त्याहून जास्त.

आता गाडीतले यंत्र. ते रस्ता दाखवण्यासाठी बनवलेले असते. गाडी रस्त्यावरच असणार असे ते गृहीत धरते. उपग्रहाने सांगितले की तू रस्त्यापासून आठ मीटर बाजूला आहेस, तर ते म्हणते, छे, गाडी शेतात कशी जाईल? आणि खूण उचलून रस्त्यावर ठेवते. शहरात हा गुण आहे. पण तुम्ही ते घेऊन बांधावर उभे राहिलात, तर पडद्यावर तुम्ही डांबरी रस्त्यावर उभे दिसता. शिवाय बॅटरी दोन-चार तासांची, बाकी सगळी भिस्त गाडीच्या चार्जरवर. उन्हात पडदा दिसत नाही. पावसात भिजले की संपले. आणि क्षेत्र मोजायची सोय त्यात बहुधा नसतेच. त्या पोराला द्यायला हवे होते ते उत्तर हे.

हातातले यंत्र, म्हणजे गार्मिनच्या ईट्रेक्ससारखे, याच्या उलट. दोन पेन्सिल सेलवर कंपनी पंचवीस तास सांगते. आपण पंधरा धरू, म्हणजे फसगत होत नाही. पाणी लागले तरी चालते, बटणे ओल्या हाताने दाबता येतात, ऊन जितके कडक तितका पडदा स्पष्ट दिसतो. हद्दीने चालत एक चक्कर मारली की क्षेत्र सांगते आणि चाललेली रेघ साठवून ठेवते. पण त्याला रस्ता विचारा, बिचारे घुटमळते. गावाचे नाव एकेक अक्षर शोधून घालायचे, मग वाट बघत बसायचे. बोलून तर सांगतच नाही. एक जात बैलाची, एक जात घोड्याची. औताला घोडा आणि टांग्याला बैल जुंपला तर दोष जनावराचा नाही.

हातातल्या यंत्रातही गाडीची एक खोड लपलेली असते. त्यात रस्त्यांचा नकाशा भरला की ‘लॉक ऑन रोड’ नावाची सोय चालू होऊ शकते. मोजणीला निघण्याआधी ती बंद आहे ना ते बघायचे.

मोबाइलचे विचारणार हे माहीत आहे. चांगला मोबाइल उघड्यावर जवळजवळ हातातल्या यंत्राइतकेच बरोबर सांगतो. अडचण अशी की बरीच अॅप नुसता आकडा दाखवतात, चाललेली रेघ जपून ठेवत नाहीत. उद्या उपविभागीय समितीपुढे "मोबाइलवर एवढे आले होते" म्हणून कोण ऐकेल? रेघ जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये साठवणारे अॅप घ्या. ऑस्मअँड त्यातले एक, ते रेंजशिवायही चालते. आणि दुपारी बॅटरी मेली तर काय, हे सकाळीच ठरवा.

आता मुख्य गोष्ट, मोजणी. इथे मी जरा थांबणार आहे.

वन हक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन प्रत्यक्ष कसत आहात ती, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. त्या हक्कासाठी 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायांना फोड येईतो माणसे चालली. या सभेतही त्यातले बरेच बसलेत. इतके चालून मिळवायचे आणि शेवटच्या दोनशे पावलांत गमवायचे, असे होता कामा नये.

चूक तीन मीटरची म्हणतो तेव्हा ती किती वाटते? काहीच नाही. पण हिशोब करा. वीस गुंठ्यांचा तुकडा म्हणजे साधारण 45 मीटर बाय 45 मीटर. मोजणारा बांधावरून न चालता सगळीकडून तीन मीटर आतून चालला, करवंदीची जाळी टाळली, ओहोळ टाळला, तर चौकोन उरतो 39 बाय 39. म्हणजे पंधरा गुंठे. पाच गुंठे गेले, शेकडा पंचवीस. तीच चूक चार हेक्टरवाल्याची झाली तर 200 मीटरचे 194 होतात, शेकडा सहा जातात. यंत्र सगळ्यांना सारखेच, पण तुकडा जितका लहान तितका मार मोठा. आपल्यात चार हेक्टरवाले किती आणि वीस गुंठेवाले किती, ते मी सांगायला नको.

इथे यंत्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अर्ध्या तासाच्या चकरीत यंत्राची चूक बरीचशी एकाच दिशेला असते. सगळा तुकडाच्या तुकडा चार मीटर पूर्वेला सरकतो, क्षेत्र मात्र जवळजवळ तेच राहते. मग नकाशावर तुमची हद्द शेजाऱ्याच्या शेतात घुसलेली दिसते आणि दोन भाऊबंदांत भांडण लागते. खरे तर कोणीच कोणाचे घेतलेले नसते. असे एक भांडण मी डोळ्यांनी पाहिले आहे, दोन वर्षे बोलणे बंद होते. शेजारी शेजारी असलेले प्लॉट एकाच दिवशी, एकाच यंत्राने, लागोपाठ मोजा. दोन्ही बहुतेक सारखेच सरकतील आणि बांध बांधाला जुळेल.

दुसरा घोळ कोपऱ्यांचा. आपली वरकस जमीन चौकोनी कुठे असते? डोंगराच्या कडेकडेने विळ्यासारखी वळत जाते. एका पाड्यावर मोजणीला आलेल्या माणसाने चार कोपऱ्यांवर चार पॉइंट घेतले आणि "झाले" म्हणाला. विळ्याच्या दोन टोकांना सरळ दोरी लावा, विळ्याचे पोट बाहेर राहते. त्या बाईची नागलीची जागा कागदावरून निम्मी गायब झाली. तिने विचारले, "राब तर मी तिथेच भाजते, मग ती जमीन कुणाची?" उत्तर द्यायला कोणी नव्हते. म्हणून पॉइंट टिपण्यापेक्षा पूर्ण हद्द चालायची, दर पाच सेकंदाला नोंद होईल असे यंत्र लावायचे आणि जिथे बांध वळतो तिथे आपणही वळायचे.

तिसरी गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही. उतारावर दोरी टाकून मोजले आणि यंत्राने मोजले तर यंत्र कमी सांगते. ही चोरी नव्हे. यंत्र जमीन वरून, आकाशातून पाहिल्यासारखी मोजते. तीस अंशांच्या उतारावर दोरीने शंभर मीटर भरले तर वरून ते साडेशहाऐंशीच मीटर दिसतात. दोरीने एक एकर भरलेली जमीन कागदावर साडेचौतीस गुंठे येते. सरकारी मोजणीतही साखळी आडवी, समपातळीत धरतात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या डोंगराळ जमिनीलाही हाच नियम. ज्या ठिकाणी फरक उतारामुळे आहे तिथे भांडू नका. त्यामुळे जिथे खरेच हद्द सोडली आहे तिथले आपले म्हणणे हलके पडते.

आणि आकडे लिहिताना डोळ्यांत तेल घाला. 20.15 अंश आणि 20 अंश 15 मिनिटे हे एक नव्हेत. 20.15 अंश म्हणजे 20 अंश 9 मिनिटे. एकाच्या जागी दुसरे लिहिले की जमीन अकरा किलोमीटर उत्तरेला जाते. यंत्रात डब्ल्यूजीएस 84 हीच मोजणीची पद्धत ठेवा. जुने टोपोशीट दुसऱ्या पद्धतीचे आहेत, त्यात साधारण शंभर मीटरचा फरक पडतो.

यंत्राचा कागद हा पुराव्यांपैकी एक आहे, एकुलता एक नव्हे. 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की उपग्रहाची चित्रे आणि असले तंत्र इतर पुराव्याला जोड म्हणून घ्यायचे, त्याच्या जागी नव्हे. म्हाताऱ्या माणसाचा जबाब, जुनी दंडाची पावती, बांध, लावलेली झाडे यांची किंमत यंत्रामुळे कमी होत नाही. पण यंत्र आपल्या हातात असले की जोर येतो. शेजारच्या गुजरातेत नर्मदा जिल्ह्यात आर्च संस्थेने गावातल्याच मुलांना जीपीएस शिकवले आणि त्यांनी गावाच्या जमिनी मोजल्या. समोरच्याने आकडा टाकला तर त्यांच्याकडे त्यांचा आकडा होता.

आता खुल्या नकाशाबद्दल. गाडीचे यंत्र टाकाऊ आहे असे समजू नका. आपल्याकडे रात्री बाळंतिणीला न्यायला 108 ची गाडी येते ती गावाच्या नावावर. नकाशात गावाचा ठिपका ग्रामपंचायतीपाशी आणि पाडा तिथून तीन किलोमीटर डोंगरापलीकडे. विकतच्या नकाशात पाडे नसतात, कारण पाड्यावरून त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने सुरू केला. तो कोणालाही भरता येतो, फुकट घेता येतो. जानेवारी 2010 मध्ये हैती देशात भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून राजधानीच्या गल्ल्या या नकाशात भरल्या आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तो हातातल्या गार्मिनमध्ये घालून वापरला. आपल्याकडेही फेब्रुवारी 2021 पासून भारतीय माणसाला नकाशा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही. काही संवेदनशील ठिकाणे दाखवायची नसतात, तेवढे पाळायचे.

हा नकाशा गार्मिनच्या हातातल्या आणि गाडीतल्या दोन्ही यंत्रांत बसतो. ‘जीमॅपसप’ नावाची फाइल कार्डावर गार्मिनच्या फोल्डरमध्ये टाकायची, झाले. ज्या साध्या ईट्रेक्समध्ये कार्डाची जागाच नाही त्यात तो जात नाही, पण क्षेत्र तेही मोजते. टॉमटॉमची गाडीतली यंत्रे स्वतःचाच नकाशा मागतात. कोणी जुने स्वस्तात देत असेल तर हे आधी विचारा.

म्हणजे काम असे वाटून घ्यावे. पायवाट, पाडा, हातपंप, शाळा, पावसाळ्यात बंद पडणारी फरशी, हे हातातल्या यंत्राने किंवा मोबाइलने टिपायचे आणि खुल्या नकाशात घालायचे. मग पिकअपवाल्याच्या गाडीत तेच दिसेल. मात्र कोणाच्या प्लॉटची हद्द खुल्या नकाशात घालायची नाही. खुला म्हणजे सगळ्यांना खुला, ज्याला आपली जमीन हवी आहे त्यालाही. हद्दीची फाइल वन हक्क समितीच्या कपाटात आणि दावेदाराच्या घरी, एवढ्याच दोन ठिकाणी.

यंत्र विकत घ्यायचे तर प्रत्येकाने नको. चार-पाच पाड्यांत मिळून हातातले एक पुरे. ते ज्याच्या ताब्यात असेल त्याने वही ठेवावी: तारीख, कोणाची जमीन, सोबत कोण चालले, आभाळ कसे होते. मोजणी शक्यतो दिवाळीनंतर करा, झाडांचा पाला उतरला की संदेश नीट येतो आणि बांधही उघडे पडतात.

जेवण झाल्यावर शाळेच्या मैदानावर या. चुन्याने एक वाकडा तुकडा आखून ठेवला आहे, टेपने मोजलेला आकडा चिठ्ठीत बंद आहे. त्या पोराच्या मामाचे गाडीचे जीपीएसही आणायला सांगितले आहे. बायकांचा एक गट, तरुणांचा एक, म्हाताऱ्यांचा एक. तिन्ही यंत्रांनी फिरा, आकडे फळ्यावर लिहा, मग चिठ्ठी उघडू.