राइट क्लिकमध्ये आपली ओळ



निकाल लागले की नाशिकच्या गंगापूर रोडवर, केटीएचएम कॉलेजच्या आसपास, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांत उभं राहायलाही जागा मिळत नाही. कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म, बँकेची भरती, सगळी गर्दी एकाच वेळी येते. आणि बहुतेक फॉर्म एकाच ठिकाणी अडतात, फोटोच्या साइझपाशी. बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज घ्या. फोटो हवा २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. मोबाइलवर काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. मग काउंटरवरचा मुलगा तो उघडतो, लहान करतो, सेव्ह करतो, बघतो तर अजून ६३ केबी. पुन्हा उघडतो. मागे रांग वाढत जाते.

काही जण यावर सोपी वाट काढतात. फोटो लहान करून देणारी एखादी फुकट वेबसाइट उघडायची आणि गिऱ्हाइकाचा फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा तिथे चढवायचं. मला हे पाहवत नाही. विश्वासानं हातात दिलेला कागद कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडला, हे ना दुकानदाराला कळतं, ना त्या गिऱ्हाइकाला.

हे काम आपल्याच कॉम्प्युटरवर, एका राइट क्लिकमध्ये होतं. फाइलवर राइट क्लिक केलं की यादी उघडते: ओपन, कॉपी, डिलीट, रिनेम. १९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हापासून ही यादी विंडोजमध्ये आहे. नवा प्रोग्राम टाकला की तो अनेकदा या यादीत आपली ओळ घुसवतो. झिप करणारा, व्हायरस शोधणारा, फोटो दाखवणारा, प्रत्येकाची एक ओळ. फक्त ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याची ओळ तिथे नसते. ती घालता येते, आणि मराठीत घालता येते.

लिनक्सवर हे सगळ्यात सरळ आहे. जुन्या, कमी रॅमच्या मशिनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकलेला असेल तर त्यात थुनार नावाचा फाइल मॅनेजर असतो. त्याच्या एडिट मेनूमध्ये कस्टम अॅक्शन्सची खिडकी आहे. नाव लिहा: ‘बँक फॉर्मचा फोटो’. खाली कमांड लिहा. त्या कमांडमधून चालणारा इमेजमॅजिक नावाचा मोफत प्रोग्राम फोटोची लांबी-रुंदी कमी करतो आणि ‘५० केबीच्या आत बसव’ असं सांगितलं तर तेही करतो. क्रम मात्र सांभाळा. आधी लांबी-रुंदी, मग केबी. मोठ्या फोटोवर थेट केबीची कात्री चालवली तर चेहऱ्यावर चौकोनी डाग उठतात आणि अर्ज बाद होण्याची भीती राहते. दुसरं म्हणजे, लहान केलेली फाइल नव्या नावानं साठवायला सांगा. मूळ फोटो कधीही पुसू देऊ नका, पुढच्या फॉर्मला वेगळं माप लागतं.

त्याच खिडकीत दुसरा टॅब आहे, ही ओळ कुठल्या फाइलवर दिसावी ते ठरवायचा. तिथे फक्त इमेजवर टिक करा, म्हणजे पीडीएफवर क्लिक केल्यावर ती मध्ये येणार नाही. कमांडमध्ये फाइलच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एफ लिहितात. छोटा एफ लिहिला तर ओळ एकाच फाइलवर दिसते, मोठा लिहिला तर निवडलेल्या सगळ्या फाइलींवर. ओळ तयार केली पण दिसतच नाही, अशी तक्रार आली की मी आधी हा एफ आणि तो टॅब बघायला सांगतो.

विंडोजवाल्यांनी अशी ओळ घालण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालायची घाई करू नये. तिथे एक चुकीची नोंद पुसली गेली तर भलतंच काही बंद पडतं. त्यापेक्षा ‘सेंड टू’ वापरा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘शेल’, मग कोलन, मग ‘सेंडटू’ असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप केलं की एक फोल्डर उघडतं. त्यात कमांड लिहिलेली जी बॅच फाइल किंवा शॉर्टकट ठेवाल, ती सेंड टूच्या यादीत येते आणि निवडलेली फाइल तिच्याकडे जाते. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ही यादी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेली आहे, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की थेट समोर येते. राइट क्लिकची यादी उघडायलाच वेळ लागत असेल तर इतर प्रोग्रामांनी घुसवलेल्या ओळी त्याचं कारण असू शकतात. शेलएक्सव्ह्यू हा मोफत प्रोग्राम त्या एकेक करून बंद करू देतो, आणि हव्या तेव्हा परत चालूही.

फोटोचं जमलं की दुसरी ओळ करा: ‘सगळे दाखले एका पीडीएफमध्ये’. गुणपत्रिका, टीसी, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक देऊन ठेवा, नुसते १, २ दिले तर कमांडच्या हिशेबात १० नंबरचा दाखला दोनच्या आधी येऊन बसू शकतो. आणि तिसरी ओळ माझ्या मते प्रत्येक दुकानात हवीच: ‘आजचे कागद पुसा’. गिऱ्हाइकांचे कागद एकाच फोल्डरमध्ये उतरवायचे आणि शटर ओढण्याआधी तो फोल्डर या ओळीनं रिकामा करायचा. कागद रीसायकल बिनमध्ये नुसते हलवायचे नाहीत, तिथूनही काढायचे. मुलांची आधार कार्डं वर्षानुवर्षं दुकानाच्या डेस्कटॉपवर पडून राहण्याचं काहीच कारण नाही.