बियाण्याचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने बियाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण परसात आणि गच्चीवर भाजी लावणारी मंडळी टपालाने एकमेकांना बी पाठवतात, ते काम आम्हांला आमच्याच धंद्यातले वाटते. अनेकांची वस्तू एकत्र करायची आणि ज्याची त्याला चोख पोचवायची. संघटना तरी दुसरे काय करते?

आधी गणित पाहू. २० जणांनी एकमेकांना परस्पर बी धाडले, तर ३८० पाकिटे टपालात पडतात. तेच साऱ्यांच्या पुड्या एका ठिकाणी आल्या आणि तेथून वाटणी होऊन गेल्या, तर ४० पाकिटांत काम भागते. म्हणून वाटणी करणारा एक माणूस मध्ये हवा. मात्र परतीचे पाकीट, स्वतःचा पत्ता घालून व तिकिटे लावून, प्रत्येकाने सोबतच द्यावे. नाहीतर सारा खर्च त्या एकट्याच्या खिशावर पडतो आणि पुढच्या वर्षी तो दिसत नाही.

पत्त्यात पिनकोड चुकवू नये. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेले हे सहा आकडे पत्राला वाट दाखवतात. बी सावलीत खडखडीत वाळवून कागदी पुडीत बांधावे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. वालपावट्याचे जाड बी दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पसरावे, नाहीतर शिक्क्याखाली त्याची डाळ होते. आणि हे सारे पावसाआधी उरकावे. अक्षय्य तृतीयेला आळी घालणाऱ्याच्या हाती बी वेळेवर पडले पाहिजे.

पुडीवर वाणाचे नाव, गाव आणि बी धरल्याचा महिना लिहावा. कांद्याचे बी फार दिवस टिकत नाही. काकडी-भोपळ्याचा शेजारच्या वाणाशी सहज संकर होतो, तेव्हा जवळ दुसरा वाण होता का, तेही सांगावे. ओल्या फडक्यात दहा बिया ठेवून किती उगवल्या, तो आकडा लिहिल्यास उत्तम. परदेशातून मात्र बी असे मागवू नये. सोबत रोगकीड येते, म्हणूनच त्याला परवाना आणि दाखला लागतो.

शेतकऱ्याने बी राखावे, पेरावे, बदलावे, वाटावे, हा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. पण वापरणारा नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

शेवटी प्रश्न उरतो, ज्याच्याजवळ देण्यास काहीच नाही त्याचा. काहीजण म्हणतात, दे तेव्हा घे. आमचे मत उलट आहे. नव्या माणसाला आधी द्यावे, वहीत नाव मांडावे, पुढल्या हंगामात त्याने परत करावे. एका परसातला वाण एका कोरड्या उन्हाळ्यात संपतो. वीस परसांत पसरला, तर कोठेतरी तगतो. देणाऱ्याचे बी बुडाले, तर ते त्याला त्या नव्या माणसाकडूनच परत मिळायचे आहे. तेव्हा त्याला दिलेली पुडी दान समजू नका. ती आपलीच ठेव आहे, आणि ठेवीची नोंद वहीत असलीच पाहिजे.