नर्सिंग होमची पारख

(मंडळाच्या डिंडोली येथील मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, वक्ताही नाही. बी.कॉम. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत क्लार्क आहे. व्हाऊचर, पासबुक आणि सह्या तपासणे हे माझे रोजचे काम. मागच्या सभेत आपल्या भागातल्या दवाखान्यांचा विषय निघाला तेव्हा मी मध्येच उठून दोन वाक्ये बोललो. अध्यक्षांनी तिथेच सांगितले, पुढच्या सभेत तुम्हीच बोला. म्हणून आज उभा आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. वय ७४. खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये तिला नेले. ऑपरेशन झाले, आणि चांगले झाले. सर्जनबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्यानंतर अकरा दिवस आई तिथे होती.

त्या अकरा दिवसांत मी काय केले ते ऐका. मी रोज बँक सुटल्यावर जायचो आणि आधी काउंटरवर बिल मागायचो. औषधाची प्रत्येक चिठ्ठी जुळवायचो. एके दिवशी सलाईनच्या बाटल्या दोन लागल्या होत्या, बिलात तीन होत्या. मी ती चूक पकडली, पैसे कमी करून घेतले आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितले. आई मात्र रोज म्हणत होती, "पाठनी आग व्हस रे भाऊ." मी म्हणायचो, झोपून झोपून होतेच तसे. रात्रपाळीच्या सिस्टर परमुलखातल्या, त्यांना आईची अहिराणी कळत नव्हती. मला कळत होती, पण मीही ऐकले नाही.

दहाव्या दिवशी माझ्या पत्नीने चादर बदलायला आईला कुशीवर वळवले. माकडहाडावर तळहाताएवढी काळपट जखम होती. ऑपरेशनचे टाके बारा दिवसांत निघाले. ती जखम भरायला चार महिने लागले.

मंडळी, मी अकरा दिवस बिल तपासले आणि आईची पाठ एकदाही तपासली नाही. आजच्या भाषणाचे सार तेवढेच आहे. बाकीचे त्याच्या खुलाशासाठी.

अशा जखमेला बेडसोअर म्हणतात. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाच्या टोकाखालची कातडी दबते, तिथे रक्त पोहोचत नाही आणि ती आतून मरू लागते. पहिली खूण म्हणजे लाल चट्टा, जो बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. टाच, खुबा आणि माकडहाड या तिच्या जागा. उपाय फार महागाचा नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, पोटात नीट अन्न जाणे आणि जमल्यास हवेची गादी. यात मोठे मशीन लागत नाही, माणूस लागतो. म्हणूनच नर्सिंग होममध्ये सेवा होते की नुसती खाट भाड्याने मिळते, हे रोग्याच्या पाठीवरून कळते. हॉस्पिटलांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारी एनएबीएच नावाची संस्था २००५ पासून आहे. तीसुद्धा किती रोग्यांना बेडसोअर झाले, किती रोगी पडले, औषध देण्यात किती चुका झाल्या, याचा हिशेब मागते. लॉबीतल्या टाईल्सचा हिशेब मागत नाही.

आता आपल्यासारख्या साध्या माणसाने नर्सिंग होम कसे पारखावे? माझ्या अनुभवातून पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागद बघा. मुंबई राज्याचा नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा. तेव्हा मुंबई राज्य एक होते, त्यामुळे तो इकडेही लागू होता. पुढे २०२१ मध्ये गुजरात विधानसभेने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा नोंदणीचा दाखला कुठे लावला आहे, हे विचारायला लाजू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. तुम्ही म्हणाल, एवढा संशय कशाला? नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या पांडेसऱ्यात एक मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल थाटात उघडले. निमंत्रणपत्रिकेवर बड्या अधिकाऱ्यांची नावे परस्पर छापली होती. दुसऱ्याच दिवशी त्याला सील लागले, कारण चालवणाऱ्यांपैकी काहींच्या डिग्र्यांवरच प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात सुरत पोलिसांनी सत्तर हजार रुपयांच्या आसपास खोटी डिग्री विकणारी टोळी पकडली. बँकेत आम्ही शंभराची नोटसुद्धा उजेडात धरून बघतो. आई-वडिलांना ज्याच्या हाती देतो त्याचा कागद बघायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, रात्री जा. दुपारी चारला सगळीकडे सगळे ठीक असते. रात्री अकराला जा आणि बघा, मजल्यावर सिस्टर किती आणि रोगी किती. बेल वाजवली तर किती वेळाने कोणी येते, घड्याळ लावून बघा. रात्री डॉक्टर इमारतीत असतात की फोनवर, हे दाखल करण्याआधीच विचारा.

तिसरी गोष्ट, खाटेजवळचा तक्ता वाचा. ताप, लघवी, औषधाची वेळ आणि कूस बदलल्याची नोंद. सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच वेळी भरलेल्या दिसल्या तर समजा. आमच्या खात्यात असे रजिस्टर तपासनीस पहिल्या नजरेत ओळखतो.

चौथी गोष्ट, बाहेर पडायची वाट बघा. आपल्याकडे बरीच नर्सिंग होम दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहेत. १ मे २०२१, म्हणजे महाराष्ट्राचा आणि गुजरातचा दोघांचाही स्थापना दिवस. त्या मध्यरात्रीनंतर भरूचच्या एका कोविड हॉस्पिटलला आग लागली आणि १८ जण गेले. त्यात रोग्यांची सेवा करणाऱ्या दोन नर्सही होत्या. जिना किती रुंद आहे, दुसरा जिना आहे का, त्यात खोकी रचली आहेत का, लिफ्ट बंद पडली तर खुबा मोडलेली म्हातारी खाली कशी येणार, हे बघायला दोन मिनिटे लागतात.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोग्याला विचारा आणि त्याचे ऐका. आपण नर्सिंग होमला मराठीत शुश्रूषागृह म्हणतो. आमच्या शेजारच्या गुरुजींनी मला सांगितले की शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. मला ते फार लागले. रोज पाच मिनिटे चादर बाजूला करून टाचा बघा, पाठ बघा, तोंड कोरडे आहे का बघा. लाज वाटत असेल तर घरातल्या बाईमाणसाला सांगा, पण बघा.

यावर काही मंडळी म्हणतात, पैसे आपण देतो, मग काम आपण का करावे? बरोबर आहे. पण आपण बघतो म्हटले की तेही बघतात. आईला आम्ही नंतर जखमेच्या ड्रेसिंगसाठी दुसऱ्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेले. तिथे एसी नव्हता, रंग उडालेला होता. पण प्रत्येक खाटेला कूस बदलण्याचा कागद दोरीने बांधलेला होता आणि मावशी घड्याळ बघून येत होत्या. भपक्यावरून सेवा कळत नाही हे मी तिथे शिकलो.

आता हक्कांबद्दल थोडे. रोग्याच्या केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवले की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांना गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून ही योजना खुली झाली. पण कार्ड चालते म्हणून कुठेही सही करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडी तालुक्यातल्या एका गावातून लोकांना शिबिरातून अहमदाबादच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेले, कार्डावर हृदयाचे उपचार केले, आणि त्यात दोघे दगावले. प्रकरण पोलिसांत गेले. सहीचा कागद आपल्या भाषेत समजावून घ्या. तक्रारीसाठी योजनेचा नंबर १४५५५, आणि ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर १४५६७. दोन्ही घरात भिंतीवर लिहून ठेवा.

मंडळी, हे पत्रक राजकीय आहे, म्हणून शेवटी राजकारणाचे बोलतो. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात आपला खान्देशी समाज किती आहे, हे सर्व पक्षांना ठाऊक आहे. निवडणूक आली की आपल्या भाषेत मते मागितली जातात, गणपतीला वर्गणी मिळते, कानबाईच्या उत्सवाला नेते येतात. चांगली गोष्ट आहे. पण १९९४ ची प्लेगची साथ ज्यांना आठवते त्यांना विचारा. तेव्हा कित्येक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली होती, आणि गरीब माणसाला आधार होता तो सरकारी सिव्हिल हॉस्पिटलचा. आज आपल्याला सिव्हिल आहे, महापालिकेचे स्मीमेर आहे. पण रात्री दोन वाजता म्हातारी पडली तर माणूस आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो. त्या दाराआड काय चालते, हा वॉर्डाचा प्रश्न आहे. गटर आणि दिव्याइतकाच.

म्हणून मी तीन सूचना मांडतो. एक, आपल्या झोनमधील नोंदणी झालेल्या नर्सिंग होमची आणि फायर एनओसीची यादी झोन कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावावी, असे लेखी निवेदन मंडळाने नगरसेवकांना द्यावे. दोन, महापालिकेच्या निवडणुकीत जो उमेदवार या सभागृहात येईल त्याला हाच प्रश्न पहिला विचारावा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. तीन, मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. घरचे माणूस नर्सिंग होममधून सुटले की नातेवाइकाने या पाच गोष्टींची उत्तरे त्यात लिहावीत. शिव्या नकोत, फक्त पाहिलेले लिहावे. चांगले असेल तर तेही लिहावे.

जाता जाता एक खुलासा. त्या नर्सिंग होमचे नाव मी का सांगितले नाही? आई आता घरी वॉकर धरून चालते. आज मी बोलणार आहे हे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, नाव घेऊ नकोस. रात्री ती एकटी पोरगी अख्खा मजला धावत होती, उद्या तिचीच नोकरी जाईल आणि मालक तिथेच राहील. ज्या बाईच्या पाठीला ती जखम झाली तिनेच हे पाहिले होते. मी पाहिले नव्हते. एका मजल्यावर एकच पोरगी ठेवणाऱ्याला जाब विचारायचा असेल तर तो वहीने आणि मताने विचारावा लागेल.

वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. सभा संपल्यावर अध्यक्षांकडे देतो.

जय हिंद, जय गुजरात, जय महाराष्ट्र.