स्वस्तात शीड कुठून आणायचं?

दिवसभर मी कोड लिहितो, पण सुट्टीत गावी गेलो की खाडीत माझी बारा फुटी प्लायवूडची कनू काढतो. दोन वर्षं नुसतं वल्हवलं. मग वाटलं, वारा फुकट आहे, शीड लावू. चौकशी केली तर नव्या शिडाची किंमत होडीपेक्षा जास्त! आज त्याबद्दलच बोलू.

पहिलं शीड मी ताडपत्रीचं केलं. पावसाळ्यात पडवीला बांधतो ना, तीच निळी. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, वर शिलाई, कोपऱ्यांना पितळी कड्या, बांबूची डोलकाठी. काकांनी मशीन चालवलं. दीड हजारात काम झालं आणि मी जाम खूश.

सकाळी निघालो. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, वर ओहोटी. सुसाट गेलो. परत फिरायची वेळ आली तेव्हा कळलं की हे शीड वाऱ्यासमोर तिरकं चढतच नाही. मी डावीकडे वळवतोय, उजवीकडे वळवतोय, आणि किनाऱ्यावरचं देऊळ लहान लहान होत चाललंय. शीड गुंडाळून वल्हं मारलं, तर वारा आणि पाणी दोन्ही विरुद्ध. खाडीच्या तोंडाशी एका नाखवांनी दोर टाकला म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय. बांधून घेताना ते एवढंच म्हणाले, "ओहोटी विचारून निघावं रे बाळा."

चूक ताडपत्रीची नव्हती, माझी होती. बीटेकला फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्या माणसाने शीड चक्क सपाट कापलं होतं! वाऱ्यासमोर तिरकं जायचं तर शिडाला पोट लागतं. त्यासाठी डोलकाठीकडची कड सरळ न कापता मधोमध दोनेक इंच बाहेर फुगवून कापायची. काठी सरळ असल्यामुळे बांधल्यावर ते जास्तीचं कापड आत सरकतं आणि पोट तयार होतं. दुसरं म्हणजे ताडपत्री विणीच्या तिरप्या दिशेत ताणली जाते, म्हणून मागची मोकळी कड विणीच्या धाग्याला समांतर ठेवायची. एवढं सांभाळलं तर शिकण्यापुरती ताडपत्री चालते. उन्हाने मात्र ती लवकर कुजते.

दुसरा मार्ग मला जास्त पटला: दुसऱ्याच होडीचं, शर्यतीतून बाद झालेलं शीड. ऑप्टिमिस्ट नावाची छोटी डिंगी असते, क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडात आखलेली. 15 वर्षांपर्यंतची मुलं त्यात शर्यती करतात. कापड जरा मऊ पडलं की शर्यतीला शीड बदलतात, पण आपल्याला ते उत्तम असतं. साधारण 3.3 चौरस मीटर, काठी आखूड, वरचा कोपरा एका तिरक्या काठीने उचललेला. कनूला अगदी बेताचं. मित्राच्या भाचीचं जुनं शीड मला तीन हजारात मिळालं. लेझरचं मोठं शीडही जुनं मिळू शकतं, पण ते सात चौरस मीटरच्या आसपास, आणि माझ्या अरुंद होडीला ते पहिल्याच झोतात आडवं करेल. स्वस्त मिळतंय म्हणून मोठं घेऊ नका, प्लीज.

जुनं शीड घेताना उजेडासमोर धरून भोकं बघा. शिवणीवर नख घासा. दोरा तुटला तर तो उन्हाने गेलाय. पण कापड धड असेल तर पॉलिएस्टर दोऱ्याने पुन्हा शिवता येतं, आणि त्या कारणाने किंमतही कमी करून मागता येते. कोपरे फाटले असतील तर मात्र मी सोडून देतो, कारण सगळा ताण तिथेच येतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. शीड बदललं की डोलकाठीची जागाही तपासावी लागते. शिडाचा मध्य पाण्यातल्या उभ्या फळीच्या साधारण वर हवा. माझा मागे गेला होता, तर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायची. काठी चार इंच पुढे घेतली, तेव्हा सुकाणू हातात हलकं झालं.

आता मी दुपारी, भरतीला, खारा वारा सुटल्यावर निघतो. वारा आणि पाणी दोन्ही घराकडे. निळी ताडपत्री काकांनी परत नेली. पडवीला तीच बांधलीये, पितळी कड्यांसकट.